परदेशाचें द्वार आणि घरांतील कागदपत्रें

मुलीचें पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावयाचें, हा आमच्या पिढींतील दंडकच होता. सातव्या महिन्यांत मुलगी माहेरीं येई आणि आईच्या हातचे अळिवाचे-डिंकाचे लाडू खाऊन सव्वा महिन्यानें बाळासह सासरीं जाई. आतां मुली नोकरीच्या वा पतीच्या निमित्तानें जर्मनींत, हॉलंडांत, स्वीडनांत जाऊन राहतात. त्यांना येणें साधत नाहीं, म्हणून माहेरालाच मुलीकडे जावें लागतें. माहेर निघालें, कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो विमानाच्या भाड्याचा नव्हे, तर व्हिशाचा, म्हणजे परक्या देशांत पाऊल टाकण्याच्या परवान्याचा. ह्या बाबतींत प्रस्तुत लेखकाच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यापासून चार घरांना बोध व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींना हा सारा प्रकारच अपमानास्पद वाटतो. "माझ्या खात्यांत किती पैसे आहेत, मला मुलें किती, मी परत येणार कीं नाहीं, हें पुसणारे हे कोण?" असा त्यांचा प्रश्न असतो. मलाहि प्रथम तसेंच वाटलें. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें दुसरें अधिकरण ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारी आठवेल. एक माषक घेऊन मुद्रा देणें हें त्याचें काम. मुद्रा असेल त्यानेंच जनपदांत यावें वा जनपदाबाहेर जावें. मुद्रेवांचून फिरणाऱ्या रहिवाशास बारा पण दंड, खोटी मुद्रा बाळगणारास त्याहून मोठा, आणि तो परदेशचा असल्यास सर्वांत मोठा. तात्पर्य, दारांत उभें राहून "आपण कोण, कोठून आलांत, कशासाठीं?" असें विचारण्याचा घरधन्याचा अधिकार आपल्याच शास्त्रकारांनीं मान्य केलेला आहे. युरोपांत १९१४ च्या महायुद्धापूर्वीं कित्येक देशांत पासपोर्टाशिवाय फिरतां येत असे. युद्धानें तीं दारें लागलीं, तीं पुन्हा पूर्वीसारखीं उघडलीं नाहींत. १९२० सालीं पॅरिस येथें राष्ट्रसंघाच्या परिषदेनें पासपोर्टाच्या पुस्तिकेचा नमुना ठरविला, आणि त्याच वर्षीं हिंदुस्थानांतहि पासपोर्टाचा कायदा झाला. असो.

आतां आमची हकीकत. २०२४ सालच्या आषाढांत कन्येनें जर्मनीहून दूरध्वनीवर सांगितलें, कीं भाद्रपदाच्या अखेरीस प्रसूति अपेक्षित आहे. आई जवळ हवी. आमच्या शहरांत प्रवासाची व्यवस्था लावून देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे मी गेलों. ते म्हणाले, "गुरुजी, बाळंतपणाचें नांवच काढूं नका. आजीबाई तेथें कामाला चालल्या असें साहेबास वाटेल. सरळ पर्यटन म्हणून लिहा." त्यांनीं पॅरिस व रोम येथील हॉटेलांत खोल्या राखून ठेवल्याचे कागद अर्जास जोडले. अर्ज जातांच त्या खोल्या रद्द व्हावयाच्या होत्या, हें मला मागाहून कळलें. परंतु अर्जावर सही माझी होती. चौतीस वर्षें मुलांच्या वह्यांतील उतरवून काढलेलीं उत्तरें मीं पकडलीं, आणि उतारवयांत स्वतःच तसली वही पुढें केली!

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं दोन्ही पासपोर्ट परत आले. सोबत एक छापील कागद होता, त्यावर दोन चौकटींत खुणा होत्या. प्रवासाचा हेतु पटण्याजोगा नाहीं, ही एक. आणि मुदत संपण्यापूर्वीं हीं माणसें परत जातील किंवा नाहीं ह्याविषयीं संशय आहे, ही दुसरी. दोघांची मिळून १८० युरो फी गेली ती गेलीच. मोदकांचें पुरण ढवळतां ढवळतां सौ. एवढेंच म्हणाली, "अहो, लेकीच्या बाळंतपणाला आई जाते, ही लपविण्याची गोष्ट केव्हांपासून झाली?" ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें.

त्या रात्रीं मीं नियम स्वतः वाचावयास घेतले. ते समजण्यास कठीण नाहींत. आपण वाचत नाहीं, एवढेंच. लक्झेंबर्ग देशांत मोझेल नदीच्या कांठीं शेंगेन नांवाचें एक खेडें आहे. तेथें नदींतील एका नौकेवर १४ जून १९८५ रोजीं बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स ह्या पांच राष्ट्रांनीं आपसांतील सीमांवरची तपासणी उठविण्याचा करार केला. तो १९९५ सालीं अमलांत आला, आणि आज त्या मंडळांत २९ देश आहेत. एका देशाच्या व्हिशावर सर्वांत फिरतां येतें. स्वित्झर्लंड व नॉर्वे हे युरोपीय संघांत नसूनहि ह्यांत आहेत. आयर्लंड संघांत असूनहि ह्यांत नाहीं. इंग्लंडचा व्हिसा तर अगदींच निराळा. अर्ज कोठें करावयाचा? जेथें मुख्य मुक्काम असेल त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील, तर जेथें प्रथम पाऊल पडणार असेल त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधींपासून अर्ज देतां येतो, आणि निदान पंधरा दिवस आधीं तो द्यावाच लागतो. निर्णयास साधारणतः पंधरा दिवस लागतात. अधिक चौकशी करावीशी वाटल्यास पंचेचाळीसहि लागतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा व दोन कोऱ्या पानांचा हवा. प्रौढास फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलास ४५, त्याहून लहानास कांहीं नाहीं. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अवश्य लागतो. त्यांत जुन्या आजाराचा खर्च धरला आहे कीं नाहीं, हें बारीक अक्षरांत पाहून घ्यावें. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्या आमच्या वयाच्या माणसांस हें फार महत्त्वाचें. बोटांचे ठसे मात्र स्वतः जाऊन द्यावे लागतात. ते ५९ महिने पुन्हा उपयोगांत आणतां येतात.

आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. मुंबईस ज्या केंद्रांत आपण कागद देतों, तेथील मंडळी केवळ कागद गोळा करणारी असतात. निर्णय वकिलातींतील अधिकारी घेतो, आणि बहुधा त्यानें आपलें तोंडहि पाहिलेलें नसतें. त्याच्या पुढें आपण नसतों, आपला पुडका असतो. तो एवढेंच पाहतो कीं, हीं माणसें कशासाठीं येतात, खर्च कोण करणार, आणि परत जाण्यासारखें ह्यांचें घरीं काय आहे. हे तीन धागे सर्व कागदांतून सरळ ओंवले गेले पाहिजेत. अर्जाच्या आदल्या आठवड्यांत मेहुण्याकडून दोन लाख आणून खात्यांत ठेवणें म्हणजे मध्येंच दुसऱ्या रंगाचा धागा ओंवणें होय. त्यापेक्षां निवृत्तिवेतनाचें साधें पुस्तक अधिक बोलतें.

आणि येथेंच आमची खरी अडचण उघडकीस आली. विवाहांत नवऱ्या मुलानें तांदळाच्या ताटांत सोन्याच्या अंगठीनें वधूचें नवें नांव लिहावयाचें, हा आपला हौसेचा विधि. मींहि तो केला होता. परिणाम असा, कीं सौ.च्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचें नांव, पासपोर्टावर सासरचें, वडिलांनीं ठेवलेल्या मुदतीच्या ठेवीवर पुन्हा माहेरचें, आणि कन्येच्या जन्मदाखल्यावर आईचें नांव म्हणून घरांत हांक मारावयाचें तिसरेंच! तांदळांतलें नांव पुसून भात झाला. कागदावरचीं तिन्ही नांवें राहिलीं. आमच्या विवाहाची नोंदहि कधीं केलेली नव्हती. जिनें मुलीस जन्म दिला, तिचें आईपण कागदावर सिद्ध होईना. माझ्या नांवास मात्र जन्मापासून कोणी हात लावला नव्हता, म्हणून माझा एकहि कागद अडला नाहीं. हा भेद इतकीं वर्षें माझ्या ध्यानांतहि आला नव्हता, हें मी लज्जेनें नमूद करतों.

मग धांवपळ केली. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणें विवाहाची नोंद करून घेतली. तिन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं असल्याचें प्रतिज्ञापत्र केलें. जांवयांनीं तेथील परकीय नागरिकांच्या कचेरींत जाऊन, आमच्या राहण्याजेवण्याचा, आजारपणाचा व जरूर पडल्यास परत पाठविण्याचा खर्च आपण सोसूं, असें सरकारी दायित्वपत्र घेऊन पाठविलें. कन्येच्या डॉक्टरांचा दाखला आला. शेवटीं मीं एक पानी पत्र लिहिलें. मुलीचें बाळंतपण आहे, तिची आई सोबतीस व मी नातवंड पाहण्यास येत आहों, साठ दिवसांनीं परत जाऊं, घरीं माझी वृद्ध आई धाकट्या भावाकडे ठेवून येत आहों. मागील अर्ज नाकारला गेला आणि त्यांतील मजकूर खरा नव्हता ह्याचा मला खेद आहे. गौरीविसर्जनानंतर हा अर्ज गेला, आणि व्हिसा मिळाला.

परंतु गेलेले दिवस परत मिळाले नाहींत. व्हिसा हातीं येण्यापूर्वीं दोन दिवस नातवाचा जन्म झाला. कळा सुरू झाल्या तेव्हां लेकीचा हात धरावयास तिची आई तेथें नव्हती. आम्ही पोंचलों तें बारशाच्या आदल्या दिवशीं. पुत्रीनें तक्रारीचा एक शब्द काढला नाहीं. म्हणूनच तें मला अधिक लागलें.

व्हिसा मिळाल्यावरहि दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली गणिताची. कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस त्यांत धरतात. समजा, एकादें दांपत्य व्हिशाची मुदत दीर्घ असतां १ जानेवारीस उतरलें व ३१ मार्चास निघालें. लीप वर्ष नसेल तर नेमके ९० दिवस भरले. त्यांस पुन्हा पाऊल ठेवतां येईल तें ३० जून रोजीं, आधीं नाहीं. तसेंच व्हिशावर दोन तारखा आणि दिवसांची संख्या अशा दोन गोष्टी छापलेल्या असतात. राहावयाचें तें दिवसांच्या संख्येइतकेंच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर येण्याजाण्याची नोंद यंत्रानें, चेहऱ्याच्या छायाचित्रासह, होऊं लागली आहे, तेव्हां "एक दिवस इकडे तिकडे कोण पाहतो?" ह्या भ्रमांत राहूं नये. दुसरी गोष्ट अशी, कीं व्हिसा म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे. सीमेवरील अधिकारी पुन्हा तेच प्रश्न विचारूं शकतो. म्हणून निमंत्रण, विमा व परतीचें तिकीट हीं मोठ्या पेटींत न ठेवतां हातांतील पिशवींत ठेवावीं.

नकार आल्यास काय करावें? जर्मनीच्या वकिलातीकडेच पुनर्विचार मागण्याची सोय पूर्वीं होती. १ जुलै २०२५ पासून ती बंद झाली. आतां नवा अर्ज करावा किंवा बर्लिनच्या न्यायालयांत जावें, हेच मार्ग. म्हणून पहिलाच अर्ज नीट व्हावा, हें बरें. उलट, वेळेवर परतणाऱ्याची पतहि वाढते. १८ एप्रिल २०२४ च्या निर्णयान्वयें, तीन वर्षांत दोन व्हिसे नियमानें वापरणाऱ्या भारतीयास दोन वर्षांचा, व पुढें पांच वर्षांचा, अनेक वेळां जाण्याचा व्हिसा मिळूं शकतो.

वाचक भगिनींना व बंधूंना माझी एवढीच विनंति, कीं परदेशचें निमंत्रण येण्याची वाट न पाहतां येत्या रविवारीं घरांतील पेटी उघडावी. प्रत्येकाचे, विशेषतः घरांतील स्त्रियांचे, सर्व दाखले ओळीनें मांडावे आणि नांवें जुळतात कीं नाहीं तें पाहावें. विवाहाची नोंद नसल्यास करून घ्यावी. सुनेचें नांव बदलण्याचा हट्ट असल्यास तो तांदळापुरताच ठेवावा. आणि अर्ज दुसऱ्यानें भरला, तरी सहीपूर्वीं प्रत्येक ओळ स्वतः वाचावी. सही आपली असते.

बारशाच्या दिवशीं आत्याबाई तेथें नसल्यामुळें नांव कानांत सांगण्याचा मान सौ.कडे आला. जांवई जन्मदाखल्याचा कागद घेऊन मजकडे आले व स्पेलिंग कसें लिहावें म्हणून पुसूं लागले. मीं चष्मा लावला, एक एक अक्षर सांगितलें, आणि त्यांना पुन्हा एकदां तें वाचून दाखवावयास लाविलें.