मासा नको, पाणी सांभाळा!

"आई, मला गोल्डफिश हवा!" मित्राच्या घरची काचेची पेटी पाहून आलं की मुलांचा हा हट्ट सुरू होतो. मग एखाद्या रविवारी, हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन केशरी मासे घरी येतात. सोबत गोल बाउल, मूठभर रंगीत खडे आणि खाद्याची डबी. टीव्हीशेजारी बाउल मांडला की हॉलला कशी शोभा येते! आठवडा बरा जातो आणि एके दिवशी सकाळी मासा उलटा तरंगताना दिसतो. मुलं रडून घर डोक्यावर घेतात. शेजारच्या काकू म्हणतात, "जाऊ दे गं, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं." दुकानदार म्हणतो, "ताई, यांचं आयुष्यच तेवढं. दुसरा न्या."

मैत्रिणींनो, गोल्डफिशचं आयुष्य तेवढं नसतं. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला 'टिश' नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये गेला, तेव्हा ४३ वर्षांचा होता. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. मग आपल्याकडचा मासा आठवड्यात का मरतो? बहुतेक वेळा कारण त्याच्या पाण्यातच असतं.

पाण्यात काय घडतं?

गोल्डफिश हा रोहू-कटलाच्याच कुळातला मासा. खादाड आणि म्हणून घाणही भरपूर करणारा. त्याच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असतं आणि आत माशाचे कल्ले भाजून निघत असतात. एवढ्याशा बाउलमध्ये हे विष दोन-तीन दिवसांत साठतं. म्हणजे बिचारा मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरतो.

म्हणून गोल बाउल नकोच. इटलीतल्या मोंझा शहरानं २००४ मध्ये आणि रोमनं २००५ मध्ये अशा बाउलमध्ये मासे ठेवायला चक्क बंदी घातली. दोन छोट्या गोल्डफिशसाठी निदान दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक घ्या. त्यात साधारण ५५ लिटर पाणी मावतं. मासे वाढले की त्याहून मोठा लागेल, हेही आधीच लक्षात घ्या. पाण्याचंच वजन ५५ किलो होतं, त्यामुळे डगमगत्या टीपॉयवर टँक ठेवू नका. खिडकीतल्या उन्हातही नको.

पाण्याला लावा विरजण

निसर्गात अमोनिया संपवायचं काम जिवाणू करतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग त्याचं नायट्रेट होतं, ते बरंचसं निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्तीला येतात. पण वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टँक आणि मासे एकाच दिवशी घरी आणायची घाई नको. आधी टँक भरून फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. दह्याला विरजण लागतं, तसं इथेही चालतं बरं का! एखाद्या मैत्रिणीकडे जुना, निरोगी टँक असेल तर तिच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून आणा. तो आपल्या फिल्टरमध्ये ठेवला की काम लवकर होतं. मासे आधीच आणले असतील, तर पहिला महिना-दीड महिना दोन दिवसांआड थोडं थोडं पाणी बदला.

म्हणूनच टँक रिकामा करून, घासूनपुसून लख्ख करायची आपली सवय इथे नडते. सगळं पाणी बदललं आणि स्पंज नळाखाली धुतला की जिवाणूंची वस्तीच उठते. साबण, भांड्याची पावडर तर टँकला लावायचीच नाही.

आठवड्यातून एक बादली

मग करायचं काय? आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी काढायचं. दोन फुटी टँकमधून साधारण एक बादली. नळीनं तळाची घाण ओढून घ्यायची आणि त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज हलकेच पिळायचा. नळाच्या पाण्यातला क्लोरिन मासा आणि जिवाणू दोघांनाही घातक. त्यामुळे नवं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरिनचे थेंब घाला. काढलेलं पाणी गटारात ओतू नका. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. तुळस, कढीपत्ता, जास्वंद खूश! पाणीटंचाईच्या गावातही हा हिशेब जड जात नाही.

खाऊ किती?

गोल्डफिशला जठरच नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. त्यामुळे एकदम भरपूर नको. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य, दिवसातून एक-दोनदा पुरे. भात, पोळी, फरसाण अजिबात नको. मटाराचा उकडलेला दाणा साल काढून, कुस्करून दिला तर आवडीनं खातो. आठवड्यातून एखादा उपास त्यालाही मानवतो!

हेही सांभाळा

* मासे नवे आणले की पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.
* हा थंड पाण्यातला मासा, त्याला हीटर लागत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात टँक घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात हवा.
* वीज बराच वेळ गेली तर मगानं टँकचंच पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओता. बॅटरीवरचा एअर पंपही मिळतो.
* डासांचं औषध फवारताना एअर पंप बंद करून टँक झाका आणि खोलीतला वास गेल्यावर पंप पुन्हा लगेच सुरू करा. ही औषधं माशांना फार लवकर बाधतात.
* मासा वर येऊन तोंड वासत असेल, पर मिटून तळाशी बसत असेल, तर औषध शोधण्याआधी थोडं पाणी बदला.
* कंटाळा आला म्हणून मासे नदी-तळ्यात सोडू नका. तिथल्या आपल्या माशांना त्यांचा त्रास होतो. ज्याला हौस आहे, त्याला द्या.

आणि हो, हे सगळं काम आईच्याच गळ्यात कशाला? हट्ट ज्यानं केला, त्याच्याकडे खाद्याची डबी आणि रविवारची बादली सोपवा. गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते, ही नुसती थाप आहे. खाऊ देणारं माणूस तो ओळखायला लागतो आणि काचेशी धावत येतो. आपल्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे, हे मुलांना त्यातूनच कळतं. उद्या दुकानदार "दुसरा न्या" म्हणाला, तर एवढंच विचारा, "आधी पाण्याचं काय ते सांगा!"