एक अंथरूण, दोन पाठी

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, अशी आपल्याकडे म्हण आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला कुठेही झोप लागते, हे खरेच. पण झोप लागणे वेगळे आणि सकाळी अंग मोकळे होऊन उठणे वेगळे. म्हण पहिल्या गोष्टीबद्दल बोलते. दुसरीबद्दल ती गप्प आहे. आज आपण त्या दुसऱ्या गोष्टीचा विचार करू, आणि तोही एकट्याचा नव्हे, एकाच अंथरुणावर निजणाऱ्या नवराबायकोचा.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातले कोणतेही धानकऱ्याचे घर घ्या. पाऊस पडला की रोवणी लागते. रोवणा बहुतेक बायाच करतात, दिवसभर चिखलात, कमरेत वाकून. शेतीचे काम सरले की कितीतरी घरी विड्या वळायला बसतात. तेही मान खाली घालूनच. घरधन्याचे कष्ट काही कमी नसतात. बांधी दुरुस्त करणे, धानाची पोती उचलणे; पण त्याचे दुखते ते ठिकाण निराळे. रात्री ही दोन निराळी दुखणी एकाच गादीवर येतात. एकाला गादी टणक हवी, एकाला मऊ. एकाला उकडते, एकाला गारठा लागतो. मग पुष्कळदा बाई म्हणते, "मले तं खालीच बरं वाटते जी," आणि चटई टाकून जमिनीवर निजते. सर्वांना वाटते, प्रश्न सुटला. तो सुटलेला नसतो. एकाच्या पाठीवर टाकलेला असतो.

यावर उपाय आहे, आणि त्यासाठी अख्खी नवी गादी घ्यावी लागत नाही. गादीवर घालायची दोन-तीन इंच जाडीची पातळ गादी मिळते. दुकानात तिला 'टॉपर' म्हणतात. आपण 'वरची गादी' म्हणू. तिचे काम एवढेच की, खालची गादी फार टणक असेल तर अंगाला लागणारा वरचा थर बदलायचा. खालची गादी मधोमध बसली असेल, खाटेचा सुंभ सैल पडला असेल, तर वरची गादीही त्याच खड्ड्यात बसणार. म्हणून आधी खाट ताणून घ्या. कापसाची गादी बसली असेल तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून ती पुन्हा भरून घ्या. पाया नीट झाल्यावरच वरच्या थराचा विचार.

आता टणक चांगले की मऊ? पाठ दुखली की फळीवर निजा, असे जुनी माणसे सांगत. २००३ साली स्पेनमधील डॉक्टरांनी कंबरदुखीच्या ३१३ रोग्यांना निरनिराळ्या गाद्यांवर ९० दिवस निजवून पाहिले. अगदी टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला. तेव्हा फळीचा आग्रह सोडायला हरकत नाही.

पण मध्यम म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या अंगावर ठरते. कुशीवर निजणाऱ्याचा सगळा भार खांद्यावर आणि नितंबावर येतो. तिथे गादीने थोडे आत जाऊ दिले पाहिजे. उताणे किंवा पालथे निजणाऱ्याची कंबर मऊ गादीत खचते. त्याला टणक थर बरा. वजनदार माणूस तीच गादी अधिक दाबतो, म्हणून हलक्या माणसाला जी टणक लागते ती त्याला मऊ वाटते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो.

याची परीक्षा घरच्या घरी होते. उताणे निजा आणि कमरेखाली हात सारून पाहा. हात सहज आरपार जाऊन वर जागा उरली, तर गादी टणक. हात शिरतच नसेल, तर मऊ. कुशीवर निजणाऱ्याची परीक्षा जोडीदाराने घ्यावी. मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीमागून एक दोरी धरावी. कणा दोरीबरोबर सरळ दिसला तर ठीक. मध्येच खाली झुकला किंवा वर उचलला गेला तर गादी बदलायला हवी.

परीक्षेत दोघांचे उत्तर निराळे आले तर? इथे मधला मार्ग काढू नका. मधल्या गादीवर दोघेही अर्धे अवघडतात. सहा फूट रुंद गादीवर तीन-तीन फुटांच्या दोन वरच्या गाद्या घाला, एकीकडे मऊ, दुसरीकडे टणक. दोन्हींची जाडी सारखी असावी, नाही तर मधे पायरी होते. एकाला वरचा थर नकोच असेल, तर त्याच्या बाजूला घट्ट शिवलेल्या गोधड्या घालून उंची जुळवा. दोन्हींना कडेला बंद शिवा आणि वरून एकच चादर अंथरा. याचा आणखी एक फायदा आहे. मोटारीची वीज रात्री येते म्हणून एकजण उठून शेतावर गेला, तरी दुसऱ्याच्या अंगाखालचे अंथरूण तितके हलत नाही.

आता माल कोणता घ्यावा ते पाहू. कापूस आपल्या हवेला मानवतो. तो घाम शोषतो, उन्हात वाळतो आणि पुन्हा पिंजता येतो. मात्र पावसाळ्यात ओल धरतो. सावरीचा कापूस फार हलका आणि मऊ. त्याचे सूत नीट निघत नाही, म्हणून तो उशा-गाद्यांत भरतात. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून केलेली गादी टणक असते आणि तिच्यातून हवा खेळते. निव्वळ रबराच्या चिकाला फेस आणून केलेले लेटेक्स लवचीक आणि टिकाऊ, पण महाग. 'मेमरी फोम' हा फोम १९६६ साली अमेरिकेत 'नासा' संस्थेसाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातील बैठकांकरिता तयार केला. तो अंगाच्या उबेने मऊ होऊन अंगाचा आकार घेतो. दुखऱ्या खांद्याला तो सुखाचा वाटतो. पण ऊब धरून ठेवतो आणि थंडीत ताठर होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि हिवाळ्यात दहाच्याही खाली उतरतो. तेव्हा ज्याला उकडते त्याच्या बाजूला हा फोम घालू नये. त्याला कापूस किंवा काथ्या बरा; चादरीखाली शिंदीची चटई घातली तर आणखी बरे. पांघरुणेही दोन असावीत.

फोम घेताना नुसती जाडी विचारू नका, घनता विचारा. एका घनमीटरला इतके किलो, अशी ती सांगतात. घनता कमी असली की फोम लवकर बसतो. दुकानदाराचे म्हणणे ताडून पाहता येते, आणि गुरुजींना हे गणित वर्गात घालता येईल. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन इंच जाड तुकडा म्हणजे तीन घनफूट. एका घनमीटरात सुमारे ३५.३ घनफूट असतात. घनता ४० सांगितली असेल, तर तुकड्याचे वजन सुमारे ३ किलो ४०० ग्रॅम भरले पाहिजे. अडीच किलोच भरले, तर काय समजायचे ते मुलेच सांगतील.

दोन सूचना मात्र ध्यानात ठेवा. कापसाच्या गादीला कडक ऊन द्यावे. रबर आणि फोम यांना सावलीतला वारा द्यावा, कारण उन्हाने ते ठिसूळ होतात. दुसरी सूचना जिवाची आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ वरच्या गादीवर कधीही निजवू नये. नाक त्यात रुतले तर त्याला मान वळवता येत नाही. बाळाला टणक, सपाट आणि वेगळे अंथरूण असावे.

आणि काही आठवडे पाठ दुखतच असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर गादी हा त्यावरचा इलाज नव्हे. डॉक्टरांना दाखवा.

शेवटी एवढेच सांगायचे की, गादी घ्यायला सहसा घरधनी एकटाच बाजारात जातो, हाताने दाबून पाहतो आणि घेऊन येतो. यापुढे तिरोड्याच्या, आमगावच्या किंवा गोंदियाच्या दुकानात दोघांनी मिळून जा. दोघांनीही तिथे दहा-पंधरा मिनिटे निजून पाहा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आणि घरात कोणी आपणहून खाली चटईवर निजत असेल, तर तिला, किंवा त्याला, एकदा विचारा की खाली खरेच बरे वाटते, की वर जागा नाही म्हणून तसे म्हणावे लागते.