वर्ज्य स्वर आधी ठरवावेत

आमच्या ग्वाल्हेरीत कोणतेही चांगले काम लहान म्हणून निघते आणि बैठकीगणिक अंगाने भरत जाते. चार घरांतल्या चीजांच्या जुन्या वह्या उतरवून घ्याव्यात, एवढाच विचार प्रथम मांडला जातो. दुसऱ्या बैठकीत कोणी म्हणतो, गवयांची चरित्रेही हवीत. तिसरीत छायाचित्रे येतात, चौथीत सभागृह येते आणि पाचवीत अध्यक्ष कोण यावर मंडळी उठतात. वह्या तेवढ्या वाळवीच्या स्वाधीन राहतात.

मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो आणि शिकवण्यांवर संसार चालवतो. शिष्याला भूप सांगताना आधी बजावतो, की यात मध्यम आणि निषाद वर्ज्य. ते स्वर वाईट म्हणून नव्हे. ते आले की भूप भूप राहत नाही. मोठ्या कामाचेही असेच आहे. काय करावे हे सर्वांनाच सुचते. काय करायचे नाही हे आधी ठरवणारा विरळा.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे अशा विरळ्यांतले. पेशाने वकील. १९०४ साली ते दक्षिणेत हिंडून आले. व्यंकटमखीची ७२ मेलांची रचना त्यांना चांगली ठाऊक होती. स्वरांच्या हिशेबात तिला तोड नाही. तरी उत्तरेकडील रागांसाठी त्यांनी दहाच थाट घेतले. काही राग त्या दहांत नीट बसत नाहीत, हा आक्षेप जुना आहे आणि तो खोटाही नाही. पण दहा थाट विद्यार्थ्याला थोड्या दिवसांत तोंडपाठ होतात, हेही तितकेच खरे.

त्यांच्या स्वरलिपीत हाच संयम दिसतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब. गळ्यातली प्रत्येक हरकत कागदावर उतरवण्याचा हट्ट तिने धरला नाही; तेवढे काम गुरूकडेच राहिले. म्हणून तर शेकडो चीजा छापून निघू शकल्या. ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे भाग सहा, दुसऱ्यात राग दहाच, तिसऱ्यात पंधरा. ‘क्रमिक’ या एका शब्दात सारा बेत आला.

याच्या उलट अनुभव परिषदांचा. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि देशभरासाठी एक संगीत अकादमी असावी असे घाटू लागले. पुढे दिल्ली, काशी, लखनौ येथे परिषदा झाल्या, पण तशी अकादमी त्यांतून उभी राहिली नाही. मधल्या काळात १९१८ साली माधवराव महाराजांच्या आश्रयाने आमच्या ग्वाल्हेरीत माधव संगीत विद्यालय निघाले. १९२६ साली लखनौचे विद्यालय निघाले. एकेका गावापुरते मागितले, ते मिळाले.

आता आपल्या घरच्या वह्यांविषयी. या वह्यांत बहुधा चीजेचे शब्द असतात, फार तर राग-तालाचे नाव असते. चाल वहीत नसते, ती गळ्यात असते. आणि तसे गळे आता मोजके उरले आहेत. वही शंभर वर्षे टिकेल, पण चाल एका आजारपणात जाते. म्हणून माझी सूचना अगदी तोकडी आहे. यंदा चीजा पंचवीसच घ्याव्यात, आणि त्याही ज्या एकाच वडीलधाऱ्याला येतात त्या आधी. एकाने गावे, एकाने स्वर लिहावेत, तिसऱ्याने लिहिलेले गाऊन दाखवून ताळा घ्यावा. ध्वनिमुद्रण करून ठेवावे. चरित्रे, छायाचित्रे, सभागृह आणि अध्यक्ष, हे यंदाचे वर्ज्य स्वर.

सव्विसावी चीज घेऊन कोणी आला तर त्याला परत पाठवू नये. तिचे नाव पुढल्या वर्षाच्या यादीत त्याच्यादेखत लिहावे. मात्र ती गाणारे आजोबा ऐंशी पार केलेले असतील, तर चालू यादीतली एखादी तरुण गळ्यातली चीज मागे ठेवून त्यांना आज बसवावे. आकडा पंचवीसच राहील.