गळती शोधल्यावाचून बॅटरी बदलू नये

पुण्यातील एका भुसार व्यापाऱ्यांनी पर्युषणाचे आठ दिवस वाहन न वापरण्याचा नियम घेतला होता. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आजींचे अठ्ठाईचे पारणे होते. त्याआधी त्यांना महासतीजींच्या दर्शनास न्यायचे, तर मोटार सुरूच होईना. बॅटरी अवघ्या आठ महिन्यांपूर्वी बदललेली. आधीचीही अशीच अकाली गेलेली. आजी शेजाऱ्यांच्या गाडीतून गेल्या. थोरल्या मुलाने निष्कर्ष काढला, चालकाने दिवे चालू ठेवले असणार. अठरा वर्षे घरी असलेला तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. आदल्याच संध्याकाळी साऱ्या घराने त्याला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले होते.

व्यापाऱ्यांनी मात्र नवी बॅटरी मागवली नाही. अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने प्रथम जुनीच बॅटरी बाहेर काढून सावकाश चार्ज केली. काही तास विसावल्यावर तिचा दाब १२.६ व्होल्ट भरला, म्हणजे बॅटरी धड होती. इंजिन चालू असता दाब १४.२ व्होल्ट आला, म्हणजे अल्टरनेटरही काम करीत होता. जमेची बाजू चोख होती. दोष खर्चाच्या बाजूला होता.

बंद मोटारीतही घड्याळ, कुलूप व संगणकीय भाग थोडी वीज घेतात. साधारणतः ५० मिलिअँपिअरपर्यंतचा हा खर्च रास्त मानतात. तो मोजण्यासाठी बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढून टोक व तार यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडतात. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावावा लागतो आणि तो जोडलेला असताना इंजिन सुरू करायचे नसते. अन्यथा मीटरचा फ्यूज उडतो. दारे व डिकी बंद करून अर्धा तास थांबणेही आवश्यक, कारण संगणकीय भाग निजेपर्यंत आकडा फसवा असतो.

अर्ध्या तासानंतरही मीटर ४३० मिलिअँपिअर दाखवीत होता. मग एकेक फ्यूज काढून पाहण्यात आला. आतील दिव्यांचा फ्यूज निघताच आकडा २० वर उतरला. पण छताचे दिवे तर विझलेले होते. तेव्हा फ्यूज पुन्हा बसवून, मोबाईलवर चित्रण सुरू करून तो डिकीत ठेवला व झाकण लावले. चित्रणात झाकण मिटल्यावरही डिकीचा दिवा जळतच होता. कडीतील बटण निकामी झाले होते.

पाच वॅटचा तो दिवा सुमारे ०.४ अँपिअर वीज घेतो. दिवसाला दहा अँपिअर-तास झाले. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच दिवसांत रिकामी होते. इंजिन फिरवण्याचे बळ तर त्याआधीच संपते. एरवी रोजच्या फेरीत अल्टरनेटर ही तूट भरून काढी. दुकानाच्या दैनंदिन विक्रीत गल्ल्यातील लहानशी गळती झाकली जावी, तसेच ते होते. मोटार उभी राहिली तेव्हाच हिशेब उघडा पडला.

जिथे डिकीचा दिवा निर्दोष असतो, तिथे मागाहून बसवलेली संगीतयंत्रणा, डॅशकॅम, जीपीएस यंत्र किंवा चिकटलेला रिले तपासावा. बॅटरी पुनःपुन्हा पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते व आयुष्य घटते. आणि ती खरोखरच संपली, तर आतील शिसे व आम्ल यांमुळे ती भंगारात न टाकता विक्रेत्याकडेच परत द्यावी.

बटण बदलण्याचा खर्च नव्या बॅटरीपुढे किरकोळ होता. परंतु व्यापाऱ्यांनी हिशेब तेवढ्यावर मिटवला नाही. त्यांनी थोरल्या मुलाला चालकासमोर उभे केले. कालचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ सर्वांसाठी होते. आजचे एकट्या त्याच्यासाठी होते.