साखर मोजावी, पैसाही मोजावा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी भल्या सकाळी आमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात म्हशीचा कासरा होता.

"काय रे, एवढ्या सकाळी म्हैस घेऊन कुठे निघालास?" आम्ही विचारले.

"बाजाराला, गुरुजी. इकायची हाय."

"दुभती म्हैस ना ही? मग विकतोस कशाला?"

"पोरीच्या दंडाला साखर मोजायचं ते यंत्र लावायचं हाय. दर पंधरवड्याला नवं लागतं म्हणत्यात. पैसा पुरंना. ह्या महिन्यात तिचं इन्सुलिनबी जरा कमीच केलं."

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि आमच्या काळजात धस्स झाले. त्याची मुलगी अकरा वर्षांची. इन्सुलिनवरच तिचा जीव. आम्ही त्याला ओट्यावर बसवले. म्हैस कडुनिंबाला बांधली. पाटी आणि खडू घेतला आणि सगळा हिशेब मांडला. तोच हिशेब आज तुम्हाला सांगतो.

साखर का मोजायची?

आपण भाकरी खातो, भात खातो. त्याची पोटात साखर होते. ती रक्तात उतरते. रक्तातली साखर अंगाच्या कणाकणात पोचवायची तर इन्सुलिन लागते. हे इन्सुलिन पोटातल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत तयार होते.

काहींच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो पुष्कळदा लहान वयात होतो. अशा माणसाला रोज इन्सुलिन टोचावेच लागते. काहींच्या शरीरात इन्सुलिन होते, पण पुरत नाही किंवा नीट काम करीत नाही. हा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. तो बहुधा मोठ्या वयात होतो. आम्हाला स्वतःला हाच आहे.

साखर वर्षानुवर्षे चढती राहिली तर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय बिघडतात. साखर एकदम उतरली तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून साखर मोजावी लागते.

जुनी रीत आणि नवी रीत

पूर्वी लघवीची साखर पाहत. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून ते उकळायचे. साखर असेल तर निळा रंग हिरवा, पिवळा किंवा विटेसारखा लाल होई. १९५६ साली अमेरिकेत आल्फ्रेड आणि हेलन फ्री या पतिपत्नींनी नुसती लघवीत बुडवायची पट्टी काढली. पुढे बोटाच्या रक्ताची पट्टी आली. घरी साखर मोजायचे छोटे यंत्र आले. त्याला ग्लुकोमीटर म्हणतात.

आता सेन्सर आला आहे. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी अशी ती चकती असते. ती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. तिचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जातो आणि तिथल्या पाण्यातली साखर मोजत राहतो. फोन जवळ नेला की आकडा दिसतो. लिब्रे नावाचा असा सेन्सर २०१४ साली युरोपात निघाला. पुढे तो आपल्याकडेही आला. तो १४ दिवस चालतो. मग आपोआप बंद होतो.

इंग्लंडात अशा पुष्कळ रुग्णांना सरकारी आरोग्यसेवेतून सेन्सर मिळतो. आपल्याकडे मात्र तो बहुतेकांना स्वतःच्या खिशातूनच घ्यावा लागतो. म्हणून हिशेब हवा.

पाटीवरचा हिशेब

समजा, एक सेन्सर ४,५०० रुपयांना मिळाला. वर्षभर सतत लावायचे तर २६ सेन्सर लागतील. २६ गुणिले ४,५०० म्हणजे १,१७,००० रुपये झाले.

आता दुसरी रीत पाहू. वर्षातून चारच सेन्सर लावायचे, दर तीन महिन्यांनी एक. त्याचे १८,००० रुपये. ते ५६ दिवस पुरतील. राहिले ३०९ दिवस. त्या दिवसांत रोज चार वेळा पट्टीने साखर पाहायची. एक पट्टी १५ रुपयांची धरली तर दिवसाचे ६० रुपये आणि ३०९ दिवसांचे १८,५४० रुपये. सेन्सरच्या दिवसांतही पडताळा म्हणून रोज एक पट्टी धरू. त्याचे ८४० रुपये. सगळे मिळून ३७,३८० रुपये झाले.

दोन्ही रकमांची वजाबाकी करा. ७९,६२० रुपये वाचले! तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. तुम्ही तुमचे आकडे घालून हिशेब करा. रीत हीच.

"पण गुरुजी, मधले दिवस आंधळेपणानं काढायचे व्हय?" त्याने विचारले.

नाही. सेन्सर १४ दिवसांत जे दाखवतो, ते वहीत उतरवायचे. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, किती काम केले, इन्सुलिन किती घेतले आणि साखर किती झाली, हे सारे लिहायचे. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जायचे. सेन्सर लावायचा तो डॉक्टरांच्या भेटीच्या आधीच्या पंधरवड्यात. म्हणजे त्याचा पुरता उपयोग होतो. आम्ही एकदाच सेन्सर लावला. भाकरी खाऊन आमची साखर फार चढत नव्हती, साबुदाण्याच्या खिचडीने मात्र भलतीच चढली. तेव्हापासून उपवासाची खिचडी सुटली. ते शिकायला पुन्हा दुसरा सेन्सर लागला नाही.

सेन्सर कोणाला हवा?

ज्यांचा मधुमेह गोळ्यांवर ताब्यात आहे, त्यांना बहुधा सेन्सरची गरजच नसते. डॉक्टर सांगतील तेव्हा उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर तपासावी. वर्षातून दोन ते चार वेळा एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करावी. तिच्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज कळतो. तीस वर्षांवरील माणसांची मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. तिथे अवश्य जावे.

पण काहींना सेन्सरची गरज जास्त असते. इन्सुलिन घेणारी लहान मुले, साखर उतरलेली ज्यांना कळतच नाही अशी माणसे, इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर बाया. अशांना डॉक्टरांनी "सतत लावा" असे सांगितले, तर आपल्या मनाने बंद करू नये. "आम्हाला एवढे परवडत नाही, कमीत कमी किती लावावे?" असे डॉक्टरांना सरळ विचारावे. त्यात लाज कसली?

पैसा कुठे वाया जातो?

पहिली गोष्ट. विकत घेण्याआधी आपला फोन चालेल का ते पाहावे. काही सेन्सर वाचायला फोनमध्ये एनएफसी नावाची सोय लागते. ती नसेल तर वाचायचे यंत्र वेगळे घ्यावे लागते. दुकानदाराला फोन दाखवूनच पैसे द्यावेत. आणि रुग्णाजवळ जो फोन राहणार, त्यावरच सेन्सर सुरू करावा.

दुसरी गोष्ट. सेन्सर निघून पडू देऊ नये. इथे आमचीच फजिती सांगतो. दिवाळीच्या तोंडावर आम्ही सेन्सर लावला. नरक चतुर्दशीला अंगाला चांगले तेल चोळले. अंगरखा काढताना चकती हातात आली! अकरा दिवसांचे पैसे पाण्यात गेले. म्हणून जागा आधी साबणाने धुवावी, कोरडी करावी, तेल मुळीच लावू नये. वरून चिकटपट्टी लावायची असेल तर मधले छिद्र मोकळे ठेवावे. अंघोळ चालते, विहिरीत सूर मारणे चालत नाही.

तिसरी गोष्ट. डबा आणि पावती फेकू नये. सेन्सर मुदतीआधी आपोआप बंद पडला, तर डब्यावरचा क्रमांक सांगून कंपनीकडे तक्रार करावी. पुष्कळदा बदलून मिळतो. घेताना मुदतीची तारीख पाहावी. अनोळखी माणसाकडून स्वस्तात घेऊ नये. डबा उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नये.

चौथी गोष्ट. एमआरआय किंवा सीटी स्कॅन ठरला असेल, तर नवा सेन्सर लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे. काही सेन्सर त्यासाठी काढावे लागतात, आणि काढलेला पुन्हा लावता येत नाही.

पाचवी गोष्ट पट्ट्यांची. ग्लुकोमीटर घेताना आधी पट्टीचा भाव विचारा. यंत्र स्वस्त आणि पट्टी महाग असे पुष्कळ वेळा असते. म्हैस फुकट मिळाली आणि पेंडीने घर बुडाले, अशी गत होते. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. पट्टी घेण्याआधी हात धुऊन कोरडे करा. बोटाला गुळाचा किंवा आंब्याचा रस असला तर आकडा खोटाच चढतो आणि पट्टी वाया जाते.

आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको

सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालचे पाणी मोजतो. म्हणून तो काही मिनिटे मागे असतो. साखर भरभर चढत किंवा उतरत असेल तर फरक पडतो. पहिल्या दिवशीही आकडा डळमळतो. त्या दंडावर दाबून झोपले तर साखर उतरल्यासारखी दिसते. अंगाला जाणवते एक आणि सेन्सर सांगतो दुसरे, असे झाले की बोटाच्या रक्ताने पडताळा घ्यावा. म्हणून सेन्सर असला तरी थोड्या पट्ट्या घरात हव्यातच. आणि लिब्रेसारखा सेन्सर फोन जवळ नेऊन वाचायचा असेल, तर दर आठ तासांच्या आत एकदा तरी वाचावा. नाहीतर मधली नोंद पुसली जाते. विकत घेतलेली माहिती अशी हरवू नये.

साखर ७० च्या खाली गेली तर वाट पाहू नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, लगेच दवाखान्यात न्यावे.

कुठे काटकसर करू नये?

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. सेन्सर घेण्यासाठी इन्सुलिन कमी करणे म्हणजे तराजू घेण्यासाठी धान्य विकणे. मग मोजणार काय? सेन्सर नुसते मोजतो. जगवते ते इन्सुलिन.

१९२१ साली कॅनडात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले. त्याआधी अशी मुले फार दिवस वाचत नसत. जेम्स कॉलिप यांनी ते टोचण्याजोगे शुद्ध केले. या तिघांनी आपला हक्क टोरँटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकला. औषध सर्वांपर्यंत पोचावे हीच त्यांची इच्छा. एवढ्या कष्टाने मिळालेले औषध आपण आपल्या लेकराचे तोडू नये. मधली काठी म्हणून मुलांचे जेवणही तोडू नये.

म्हैस घरी गेली

त्या दिवशी म्हैस बाजाराला गेली नाही. बापलेक आधी डॉक्टरांकडे गेले. इन्सुलिन पूर्ववत सुरू झाले. डॉक्टरांशी बोलून वर्षाला चार सेन्सर ठरले. पहिल्याच सेन्सरने दाखवले, की पोरीची साखर मध्यरात्रीनंतर उतरते. घरात कोणालाच ते ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी रात्रीचे इन्सुलिन बदलून दिले. त्यांच्याच सांगण्यावरून आई आता अधूनमधून रात्री उठून पट्टीने साखर पाहते.

परवा पोरगी आम्हाला वही दाखवायला आली होती. रोजचे आकडे तिने स्वतः लिहिले आहेत. बापाने आमच्या रात्रीच्या वर्गात अक्षरे गिरवली. तो आता ती वही वाचतो. म्हशीचे दूध डेअरीला जाते. त्या पैशांतून पट्ट्या येतात.

मंडळी, तुम्ही आता वाचू लागला आहात. डब्यावरची तारीख वाचा, पावतीवरचा भाव वाचा, आपली वही लिहा. घरात कोणाला मधुमेह असेल तर आज रात्री पाटी घेऊन बसा आणि आपला हिशेब मांडा. अडले तर आम्हाला हाक मारा.