नेट बंद, टीव्ही चालू

नेटफ्लिक्सने मोबाईलवरून टीव्हीवर चित्रपट टाकायची सोय काढून घेतली, ही बातमी आता सगळ्यांनी वाचली आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस, कसलाही गाजावाजा न करता, बहुतेक टीव्ही संचांसाठी ॲपमधलं ते बटण दिसेनासं झालं. टीव्हीचा रिमोट वापरा, एवढंच कंपनीच्या मदत पानावर लिहून आलं. सोबत रिमोट न येणारी जुनी क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीला जोडायची गुगलची छोटी उपकरणं, आणि काही मोजके टीव्ही तेवढे वाचले. समाजमाध्यमांवर जगभर ओरड झाली आणि ती रास्तच होती.

पण बुलढाणा जिल्ह्यातून या बातमीकडे पाहिलं, तर मला तिच्यात दुसरीच गोष्ट दिसते. इथे घरोघरी मोबाईलवरून टीव्हीवर जातं ते नेटफ्लिक्स क्वचितच. सिंदखेडराजाचा १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव जातो. शेगावच्या प्रकटदिनाची गर्दी आणि पालखी जाते. अक्षय्य तृतीयेनंतर भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत जातं. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकचा आणि कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा व्हिडिओ जातो, पोलीस भरतीच्या क्लासचं गणित जातं, आणि लग्नाचं शूटिंग तर जातंच जातं. घाटाखालच्या गावात आजी नातवाला म्हणते, “मोबाईल टीव्हीले जोडून दे ना,” तेव्हा तिला एवढंच हवं असतं की हातभर लांबून न दिसणारं चित्र भिंतीवर मोठं दिसावं. ही मागणी पुरवायला अमेरिकेतल्या कंपनीच्या बटणाची गरज नाही. बऱ्याच घरांत त्यासाठी इंटरनेटचीही गरज नाही. ते लोकांना कोणी सांगितलेलं नाही, हे माझं दुखणं आहे.

मोबाईलमधला व्हिडिओ बिनतारी टीव्हीवर न्यायच्या दोन वाटा आहेत आणि त्या पूर्ण वेगळ्या आहेत. दुकानदार, जाहिराती आणि मोबाईलचे मेन्यू दोघींना एकाच नावाने हाक मारतात, म्हणून घोळ होतो.

पहिली वाट कास्टिंगची. यूट्यूबवरच्या त्या चौकोनी चिन्हावर बोट ठेवलं, की फोन घरच्या वाय-फायवर हाळी देतो : इथे कास्ट घेणारं कोणी आहे का? टीव्ही आपलं नाव सांगून ओ देतो. मग फोन व्हिडिओ पाठवत नाही. फक्त त्याचा पत्ता पाठवतो. पोराच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला दुकानात धाडावं, तसं. माल आणायला टीव्ही स्वतः इंटरनेटवर जातो. म्हणून कास्ट सुरू असताना फोन खिशात घालता येतो, त्यावर बोलता येतं, बॅटरी फारशी खर्च होत नाही. शहरातल्या फायबर असलेल्या घरात याच्याइतकी सुखाची सोय नाही.

इथे मात्र गोष्ट बिघडते. ज्या घरात राऊटर नाही, तिथे टीव्हीला नेट मिळतं ते मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमधून. फोनच्या छोट्या पडद्यावर साध्या दर्जाचा व्हिडिओ पाहत होतो, तोवर ठीक होतं. टीव्हीला आपला पडदा मोठा आहे हे माहीत असतं, म्हणून तो जमेल तितका उंची दर्जा ओढायला लागतो. नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने एचडी दर्जाला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो, तर मध्यम दर्जाला सुमारे ०.७ जीबी. म्हणजे दीड जीबीचा दिवसाचा पॅक एचडीत अर्ध्या तासात संपतो आणि मध्यम दर्जात दोन तास पुरतो. कीर्तन रंगात आलं आणि गोल चक्री फिरायला लागली, तर दोष टॉवरचाच असेल असं नाही. बऱ्याचदा टीव्हीच्या या हावरेपणाचा असतो. यूट्यूबवर टीव्हीच्या रिमोटने सेटिंगचं चाक उघडून दर्जा ४८०वर आणला, तर बैठकीतल्या अंतरावरून चेहरे ओळखू येतात, फळ्यावरची अक्षरं वाचता येतात आणि पॅक पुरतो. एवढी एक गोष्ट आज रात्री करून पाहाच.

ज्या फोनवरून हॉटस्पॉट दिला, त्याच फोनवर कास्टचं चिन्ह उगवत नाही, हाही नेहमीचा त्रास. काही मोबाईल असे आहेतच. त्यावर उपाय साधा आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये टीव्ही कोड नावाचा आकडा मिळतो. तो फोनच्या यूट्यूबमध्ये एकदा भरला, की दोघं एका वाय-फायवर असण्याची अटच उरत नाही. लॉजवर उतरल्यावर तिथल्या वाय-फायवर टीव्ही सापडत नाही, त्याचं कारण वेगळं : अशा ठिकाणी राऊटरवर एका ग्राहकाचं उपकरण दुसऱ्याला दिसू नये म्हणून मुद्दाम आडपडदा घातलेला असतो. तो सुरक्षेसाठी आहे, त्याबद्दल काउंटरवर भांडू नये.

आता दुसरी वाट. माझं सगळं प्रेम हिच्यावर आहे आणि ते मी लपवत नाही.

हिचं नाव मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स या संघटनेने सप्टेंबर २०१२ मध्ये ती आणली. हिच्यात फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट वाय-फायची गाठ मारतात. मध्ये राऊटर नाही, सिम नाही, टॉवर नाही. फोन आपल्या पडद्यावर जे दिसतंय त्याचा क्षणोक्षणी व्हिडिओ बनवतो आणि टीव्हीकडे सोडतो. गॅलरीतली फिल्म, व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ, आधी उतरवून ठेवलेला पाठ, पीडीएफ, सातबाऱ्याचा उतारा, काहीही. मोबाईल डेटा बंद ठेवून हे चालतं. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोंगराकडच्या भागात रेंज एका टेकाडावर येते आणि दुसऱ्यावर जाते. तिथे हे अंधारात कंदील मिळण्याइतकं मोलाचं आहे.

करायचं काय, ते सविस्तर सांगतो, कारण अडतं ते बारीकशा जागीच. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबा. यादीत स्क्रीन मिररिंग, स्क्रीन शेअर, वायरलेस डिस्प्ले किंवा सरळ मिराकास्ट असं काहीतरी दिसेल, ते उघडा. फोनवर मोबाईल डेटा बंद केला तरी चालेल, पण वाय-फायचं बटण चालूच हवं. नेमकं इथेच बहुतेकांचं फसतं, कारण घरात वाय-फाय नाही म्हणून ते बटण लोक कायम बंद ठेवतात. फोन टीव्हीशी बोलतो तो त्याच रेडिओवरून. मग फोनच्या वरून खाली ओढायच्या पट्टीत सॅमसंगवर स्मार्ट व्ह्यू, शाओमीवर कास्ट, बाकीच्या बहुतेकांवर स्क्रीन कास्ट किंवा तत्सम नाव मिळेल. दाबलं की टीव्हीचं नाव येतं, टीव्ही परवानगी विचारतो, रिमोटने हो म्हणायचं. फोन आडवा धरला की चित्र पडदाभर.

उणिवा आहेत आणि त्या ठाऊक असाव्यात. चित्र किंचित उशिरा पोचतं. पाठ पाहायला त्याने काही बिघडत नाही, गेम खेळायला बिघडतं. फोनचा पडदा चालूच ठेवावा लागतो, बॅटरी खाते, फोन तापतो, म्हणून चार्जर लावून ठेवावा. फोनवर आलेला बँकेचा ओटीपी आणि घरच्या गप्पाही टीव्हीवर झळकतात. आधी डू नॉट डिस्टर्ब लावावं. पैसे देऊन पाहायच्या ॲपमध्ये आवाज येतो आणि चित्र काळं पडतं, कारण नक्कल रोखण्याचं कुलूप पडद्याचं चित्र बाहेर जाऊ देत नाही. नेटफ्लिक्सची १४९ रुपयांची मोबाईल योजना तर टीव्हीसाठी नव्हतीच कधी. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही, त्याचं एअरप्ले वेगळं. गुगलनेही स्वतःच्या फोनमधून २०१५ च्या सुमारास मिराकास्ट काढून टाकलं, कारण त्याला आपली कास्टची वाट रुळवायची होती. काही नव्या टीव्ही संचांतही ते नसतं.

घाटावर आणि घाटाखाली अजून उभ्या असलेल्या जुन्या धाब्याच्या घरांबद्दल एक सांगायला हवं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झची वाय-फाय लहर फार पुढे जात नाही, २.४ गिगाहर्ट्झची त्या मानाने बरी जाते. माजघरातून ओसरीवरच्या टीव्हीला जोडायचा हट्ट न धरता फोन घेऊन टीव्हीसमोर बसावं. मिराकास्टची बरीच गाऱ्हाणी एवढ्याने मिटतात.

पण हे सगळं मी ज्याच्यासाठी लिहितोय, ते घर नाही, शाळा आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत राज्यभरातल्या जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आले. गावाने पैसे काढून शाळा डिजिटल केली, ही महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्राचं दीक्षा ॲप आलं; बालभारतीच्या पुस्तकांत धड्याशेजारी क्यूआर कोड छापले गेले. कोड फोनवर टिपला की धड्याचा व्हिडिओ उघडतो, आणि तो फोनमध्ये उतरवूनही ठेवता येतो. म्हणजे शिक्षकाच्या फोनमध्ये पाठ आहे आणि वर्गाच्या भिंतीवर टीव्ही आहे. मध्ये फक्त तीन-चार पावलांचं अंतर आहे. ज्या शाळेत इंटरनेटचं बिल भरायला तरतूद नसते, तिथे हे अंतर ओलांडायला मिराकास्टइतकं फुकट आणि सोपं दुसरं काही नाही. असं असून चाळीस मुलांनी गुरुजींच्या सहा इंची पडद्याभोवती डोकी खुपसून बसावं, हे मला पाहवत नाही.

करोनाच्या काळात एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची टिलीमिली मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर लागली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. फार मोलाचं काम होतं ते. पण वाहिनीची वेळ ठरलेली. त्या तासाला गावात वीज नसेल, तर भाग हुकला. फोनमध्ये उतरवलेला पाठ हुकत नाही. मुलं जमली की लावायचा, नाही कळलं की थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा दाखवायचा.

शाळेचा टीव्ही जुना, स्मार्ट नसलेला असेल, तरी त्याच्या एचडीएमआय खाचेत मिराकास्टचं छोटं उपकरण बसवता येतं. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर असेल, तर विंडोज १० किंवा ११ मध्ये वायरलेस डिस्प्ले नावाची जोड एकदाच नेट असताना उतरवून घ्यावी. त्या लॅपटॉपच्या वाय-फायने साथ दिली, तर तोच पुढे टीव्हीसारखा फोनचं चित्र घेतो. तारेने जोडायचं म्हटलं तर खबरदारी घ्यावी : स्वस्तातल्या बहुतेक फोनच्या सी-टाइप खाचेतून चित्र बाहेर येतच नाही. साधी एचडीएमआय पट्टी आणून पैसे वाया घालवण्याआधी आपला फोन दुकानात लावून पाहावा.

नेटफ्लिक्सच्या बातमीचा धडा इथे येऊन मिळतो. कास्टिंगची वाट कायम कुणाच्या तरी मेहरबानीवर असते. क्रोमकास्ट भारतात डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना आलं. त्याच्या दुसऱ्या पिढीतली उपकरणं ९ मार्च २०२५ रोजी जगभर एकदम मुकी झाली. बिघाड उपकरणात नव्हता. त्यांची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती आणि गुगलकडून ते नवं करायचं राहून गेलं होतं. काही दिवसांनी दुरुस्ती आली, पण तोवर लोकांनी पैसे मोजून घेतलेली चांगली वस्तू कुचकामी पडून होती. मिराकास्टला अशी मुदत नाही. दूरच्या कुठल्या संगणकाला विचारून ते चालत नाही, म्हणून दूरच्या संगणकावरचा बिघाड ते एका रात्रीत बंद पाडू शकत नाही.

टीव्हीत काय असावं हे ठरवायची मोकळीक आता आपल्याकडच्या कंपन्यांना थोडी जास्त आहे. भारतीय स्पर्धा आयोगापुढच्या अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये गुगलने २०.२४ कोटी रुपये भरून तडजोड केली. गुगलच्या ॲपचं सगळं गाठोडं घेण्याची सक्ती त्यामुळे सुटली आणि प्ले स्टोअर वेगळं घेता येऊ लागलं. मोकळीक मिळाली म्हणून कंपन्या आपोआप गावाचा विचार करतील, असं मी मानत नाही. गिऱ्हाईक जे मागतं, तेच खोक्यावर छापलं जातं.

म्हणून दोन विनंत्या. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठेही नवा टीव्ही घ्यायला गेलात, तर इंच आणि सवलत विचारण्याआधी आपला फोन काढा, मोबाईल डेटा बंद करा आणि दुकानदाराला म्हणा, “आता याच्यातला व्हिडिओ टीव्हीवर लावून दाखवा.” दाखवता आला नाही, तर पुढच्या दुकानात जा. आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने शाळांसाठी टीव्ही घेताना खरेदीच्या अटींत एक ओळ वाढवावी : संच इंटरनेटशिवाय मोबाईलचं चित्र दाखवणारा हवा. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. केंद्रप्रमुखांनी येत्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं काढून प्रत्येक शिक्षकाकडून एकदा हे करून घ्यावं, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून वर्गात सुरू होईल.