न पेरता पिकलेले डॉलर

१९३३ साली अमेरिकन सरकारनं शेतकऱ्यांना सांगितलं, उभा कापूस नांगरून टाका आणि पैसे घ्या! मंदीत भाव पार कोसळले होते. माल कमी झाला तर भाव चढेल, हा हिशेब. सुमारे एक कोटी एकरांवरचा कापूस मातीत गेला. पंचाईत खेचरांची झाली. जन्मभर सरीतून चालायला शिकवलेली ती जनावरं पिकावर पाय द्यायलाच तयार होईनात, असा किस्सा तेव्हापासून सांगतात. शेती कुणाला जास्त कळत होती, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

भाव टिकवायला पुढं ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला सरकारनं ११.१ एकरच गहू पेरायची मुभा दिली. पठ्ठ्यानं २३ एकर पेरला. जादा गहू बाजारात कुठं नेतोय, घरच्या कोंबड्या-गुरांनाच घालीन म्हणाला. तरी दंड झाला, ११७ डॉलर ११ सेंट. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९४२ साली फिलबर्न हरला. एवढ्याशा दंडाचा हा खटला अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या पोरांना आजही चुकत नाही.

पुढं गंमत वाढली. १९९६च्या कायद्यानं अनुदानाचा पैसा आजच्या पिकावर नाही, तर जमिनीच्या जुन्या नोंदीवर मिळू लागला. टेक्सासमधल्या जुन्या भातशेतीचे तुकडे पडले, त्यांवर बंगले उठले आणि भाताचा एक दाणाही न लावणाऱ्या बंगलेवाल्यांना भाताचे पैसे येत राहिले. घर, मागं थोडं रान आणि हौसेला एखादा घोडा अशा या प्लॉटांना तिथं ‘काउबॉय स्टार्टर किट’ असं झकास नाव पडलं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं २००६ साली हिशेब मांडला: २०००पासून १३० कोटी डॉलर शेती न करणाऱ्यांच्या खिशात. २०१४ साली हे थेट पैसे बंद झाले. जुन्या नोंदींचं महत्त्व मात्र टिकून आहे.

बरं, घेणारा निदान जिवंत तरी असावा? २००७च्या सरकारी तपासणीत निघालं की १९९९ ते २००५ या काळात १ लाख ७० हजारांहून जास्त मृतांच्या नावे ११० कोटी डॉलर गेले. त्यातली सुमारे ४० टक्के रक्कम तर जाऊन तीन किंवा जास्त वर्षं झालेल्यांच्या नावे. वारसांची वाटणी होईपर्यंत पैसे द्यायची सोय नियमात होती. वाटणी खरंच अडली आहे का, हे दरवर्षी बघायचं काम कचेऱ्यांकडून राहून जाई. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असलेल्यांनी हसू नये.

माणशी कमाल रक्कम ठरवली, त्यावरही तोड निघाली. एका शेताच्या पाच-सात कंपन्या, त्यांच्या आणखी उपकंपन्या, प्रत्येकीचा चेक वेगळा. कागदावरच्या या फांद्यांना ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ म्हणत. १९८७ साली संसदेनं फांद्या छाटल्या, एका माणसाला तीनच संस्थांमार्फत पैसे!

काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा. चीनशी पेटलेल्या व्यापारयुद्धात २०१९ साली सरकारनं शेतकऱ्यांना मदत वाटली, तेव्हा प्रत्येक काउंटीला एकरी वेगळा दर लागला, १५ ते १५० डॉलर. बांधाच्या अलीकडं आणि पलीकडं तेच सोयाबीन, पण बांध काउंटीची हद्द असेल तर चेक निराळा!

आणि सगळ्यात भारी किस्सा कापसाचा. अमेरिकेच्या अनुदानानं जगात कापसाचा भाव पडतो, म्हणून ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. स्वतःची अनुदानं सोडवेनात, तेव्हा अमेरिकेनं २०१०पासून वर्षाला १४.७ कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी द्यायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याही शेतकऱ्याला अनुदान, परक्याच्याही! २०१४ साली आणखी ३० कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटलं. पडलेला भाव यवतमाळ-अकोल्याच्या कापूसवाल्यालाही सोसावा लागला होता. पण दावा ब्राझीलचा, म्हणून चेकही ब्राझीलला.